झेड ड्राइव्हचे स्थलांतर

विंडोज सर्व्हर २००८ आर-२ या प्रणालीसाठी नेहमीचे सुरक्षा-अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी बंद केले. पुण्यातल्या आमच्या सी.ए. ऑफिसात मात्र त्याच प्रणालीवरचा सर्व्हर त्यानंतरही जवळपास चार वर्षे सुखाने नांदत होता. नांदत होता म्हणजे सकाळी आल्याबरोबर सगळ्यांच्या संगणकांवर झेड ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरची ऑफिसच्या सामायिक फाइलींची जागा, दिसत होता, आणि तो दिसतो आहे तोवर पँट्रीमागच्या खोलीत सर्व्हर नावाचे काही यंत्र आहे याची आठवण ठेवण्याचे कोणालाच कारण नव्हते. मी या ऑफिसात हिशेब तपासत नाही. संगणक, नेटवर्क, प्रिंटर, डिजिटल सहीची डोंगल आणि ‘नेट का चालत नाही’ या प्रश्नाचे उत्तर, एवढे माझे खाते. दरवर्षी एकदा मी सर्व्हरचा विषय काढायचा आणि ‘सीझन संपू दे’ या उत्तरावर तो मिटायचा, असा शिरस्ताच पडून गेला होता. आता सी.ए. ऑफिसचा सीझन संपतो कधी? ३१ जुलैची रिटर्न्स झाली की ३० सप्टेंबरचे टॅक्स ऑडिट, ते झाले की ३१ ऑक्टोबर, आणि या सगळ्यातून दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी.

२०२३च्या पावसाळ्यात सर्व्हरच्या चार हार्ड डिस्कपैकी एकीचा दिवा केशरी झाला आणि विषय टाळण्याची सोय संपली. या चार डिस्क रेड-५ पद्धतीने बांधलेल्या होत्या. त्या पद्धतीत माहिती सर्व डिस्कवर वाटून ठेवतात आणि तिच्याबरोबर पडताळणीचा एक हिस्साही असा फिरवत ठेवतात, की कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून गेलेलीचा मजकूर पुन्हा मांडता यावा. एक गेली तर काम थांबत नाही. दुसरी गेली तर सगळेच जाते. ऐकायला हे भक्कम वाटते. पण या चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात आणि एकाच उष्णतेत सारख्याच फिरलेल्या असतात, त्यामुळे त्यांची झीजही बरोबरीनेच होते. शिवाय नवी डिस्क घातली की तिच्यावर मजकूर मांडण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या टोकापासून शेवटापर्यंत वाचाव्या लागतात. म्हणजे ज्या वेळी त्यांना जपायचे, नेमकी त्याच वेळी त्यांच्याकडून सर्वांत जास्त मेहनत करून घेतली जाते. म्हणून नवी डिस्क हातात असूनही आधी सगळ्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला, आणि मगच ती खाचेत सरकवली.

पुनर्बांधणी पार पडली. आमचे थोरले सर खोलीत येऊन केशरीचा हिरवा झालेला दिवा पाहून गेले आणि जाताना त्यांनी विचारले, “रेड आहे म्हणजे बॅकअप आहेच ना आपला?” नव्हता. रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवते, माणसापासून वाचवत नाही. एखाद्याने दुपारच्या घाईत चुकून एखादे फोल्डर उडवले, तर ते चारही डिस्कवरून तितक्याच इमानाने उडते. कंपन्यांनी आपल्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवला पाहिजे, अशी दुरुस्ती ऑगस्ट २०२२मध्ये कंपनी लेखा नियमांत झाली आहे. आधी तिथे ‘ठरावीक काळाने’ अशा अर्थाचा शब्द होता. ही दुरुस्ती पार्ट्यांना, म्हणजे आमच्या ग्राहकांना, समजावून सांगणारी पत्रे आमच्याच ऑफिसातून गेली होती, आणि आमचा स्वतःचा बॅकअप शुक्रवारी संध्याकाळी जमेल तसा होत होता. मी एवढेच सांगितले. सरांनी कोटेशने मागवायला सांगितली.

धाकट्या सरांचे म्हणणे असे, की आता सर्व्हर घ्यायचाच कशाला, सगळे क्लाउडवर टाकून मोकळे व्हावे. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. निव्वळ वर्ड, एक्सेल आणि पीडीएफवर चालणारे ऑफिस असते तर मीही तेच सुचवले असते. पण आमच्याकडे पार्ट्यांच्या हिशेबाचे, टॅली या सॉफ्टवेअरमधले डेटा आहेत, आणि टॅलीत एखाद्या पार्टीची वही (तिथे तिला ‘कंपनी’ म्हणतात) उघडी असताना तिच्या फाइली सतत लिहिल्या जात असतात. असे चालू फोल्डर आपोआप वरखाली करणाऱ्या सेवेच्या हवाली केले, की अर्धवट लिहिलेली फाइल वर जाण्याची आणि दोन संगणकांवरच्या दोन प्रती एकमेकींवर चढण्याची भीती असते. दुसरे कारण वीज आणि नेट. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, कधी रस्ता खणताना नेटची केबल तुटते. अशा वेळी यूपीएस आणि इन्व्हर्टरवर ऑफिसातल्या ऑफिसात तरी काम चालू राहिले पाहिजे, तेही २९ सप्टेंबरला. शेवटी ठरले ते असे: नवा सर्व्हर ऑफिसातच, त्यावर विंडोज सर्व्हर २०२२, आणि रात्रीच्या बॅकअपची एक प्रत ऑफिसाबाहेर. दिवस ठरला दिवाळीचा, कारण वर्षभरात ऑफिस खऱ्या अर्थाने बंद असते ते तेवढेच.

यंत्र निवडण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पैसे देऊन यंत्र मिळते. प्रश्न होता झेड ड्राइव्हचा.

झेड ड्राइव्हवर काय आहे, हे ऑफिसातल्या एकाही माणसाला पूर्ण माहीत नव्हते, आणि याचे मला फारसे नवलही वाटले नाही. वरच्या पातळीवर आर्थिक वर्षांची फोल्डरे होती, पण ती २००९-१० पासूनच. त्याआधीचे सगळे ‘जुना सर्व्हर’ नावाच्या फोल्डरमध्ये होते, आणि त्या फोल्डरच्या पोटात ‘जुना सर्व्हर बॅकअप’ नावाचे आणखी एक होते. काही विभाग वर्षानुसार, काही पार्टीनुसार आणि काही माणसांनुसार मांडलेले होते. माणसांनुसार मांडलेल्यांपैकी निम्मी माणसे आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.ची उमेदवारी, पूर्ण करून केव्हाच निघून गेली होती. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘सरांनी बघितलेले’ आणि ‘हेच वापरा’ अशा चार बॅलन्स शीट एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदत होत्या. आणि याच सगळ्यात एका लग्नाची निमंत्रितांची यादी होती, रकान्यात ‘घरचे’, ‘ऑफिसचे’, ‘नुसती पत्रिका’ अशी वर्गवारी केलेली. अथर्वशीर्षाची पीडीएफ होती. कोणाच्या तरी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे कोटेशन होते. आणि ऑफिसच्या सत्यनारायणाच्या सामानाची यादी होती, जी दरवर्षी उघडून तीच छापली जात असावी, कारण तिची ताजी तारीख त्याच वर्षीची होती.

अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो: हलवायचेच आहे तर आधी साफसफाई करून घ्या. मीही अनेक ठिकाणी हा सल्ला वाचला आहे, आणि मला तो पटत नाही. घर बदलताना माळ्यावरचे सामान टाकून द्यावे हे ठीक, कारण ते सामान आपले असते. झेड ड्राइव्हवरचे सामान माझे नाही. ‘हेच वापरा’ या फाइलकडे पाहून ती नको आहे असे ठरवण्याचा अधिकार ज्याला होता, तो आज दुसऱ्या शहरात दुसऱ्या फर्ममध्ये आहे. शिवाय फाइली एकट्या नसतात. एका पार्टीच्या घसाऱ्याच्या तक्त्यात आकडे येतात ते मागच्या वर्षाच्या एक्सेल फाइलमधून, आणि तिच्यात तिच्याही मागच्या वर्षातून. मधले एक फोल्डर उचलून नीटनेटक्या जागी ठेवले की ही साखळी तुटते आणि तुटल्याचे कळते ते थेट पुढच्या सप्टेंबरात. पण मला सर्वांत वजनदार वाटते ते कारण अगदी साधे आहे. साफसफाई आणि स्थलांतर एकाच वेळी केले, आणि चार महिन्यांनी एखादी फाइल सापडली नाही, तर ती टाकून दिली होती की कॉपी होताना राहिली, हे कोणालाही सांगता येणार नाही. सर्व्हर बदलायचा त्या दिवशी फक्त सर्व्हर बदलावा. घाण असेल तर ती घाणीसकट, जशीच्या तशी, त्याच क्रमाने नव्या जागी जावी. साफसफाई नंतर करता येते, आणि तेव्हा ती साफसफाई म्हणूनच करावी.

हा विचार माझ्या डोक्यातून निघाला असे म्हणण्याचे कारण नाही. जुने कागद सांभाळणाऱ्या लोकांचा हा मूळ नियमच आहे, की कागद ज्या कचेरीत ज्या क्रमाने साठले तो क्रम मोडू नये, कारण कागदाचा अर्थ शेजारच्या कागदावरूनही लागतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत आणि अभ्यासक रुमालाचा क्रमांक देऊनच त्यांचा हवाला देतात. असे एखादे दफ्तर नीटनेटके करायचे म्हणून कोणी विषयवार चाळून नव्याने मांडले, तर ते आपल्याला बरे दिसेल आणि अभ्यासकाच्या कामातून जाईल.

ऑडिटच्या फाइलींना तर क्रमाबरोबर तारीखही लागते. लेखापरीक्षणाच्या कागदपत्रांबद्दलचे मानक, एसए २३०, असे सांगते की अहवालाच्या तारखेपासून साधारण ६० दिवसांच्या आत ऑडिटची फाइल जुळवून पूर्ण करावी, आणि त्यानंतर ती जपण्याचा काळ सहसा सात वर्षांहून कमी नसावा. उद्या पिअर रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या सी.ए.कडून होणाऱ्या तपासणीला, कोणी आले आणि २०१९च्या ऑडिटच्या प्रत्येक कागदावर नोव्हेंबर २०२३ ही तारीख दिसली, तर त्याला काय सांगणार? की आम्ही सर्व्हर बदलला? ते खरेच असेल, पण ऐकणाऱ्याला ते खरे वाटले पाहिजे.

म्हणून कॉपी करण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. माउसने फोल्डर धरून इकडून तिकडे ओढले की फाइल बनल्याची तारीख नवी होते, परमिशन (कोणाला काय उघडता येईल याच्या मुभा) नव्या जागेच्या लागतात, आणि मध्येच एखादी फाइल अडली की एक खिडकी उघडून सारे काम रात्रभर उत्तराची वाट पाहत बसते. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाचे एक साधन आहे. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. तसे पर्याय दिले की ते तारखा, परमिशन, मालकी सगळे जसेच्या तसे नेते, राहिलेल्या फाइलींची यादी लिहून ठेवते, आणि पुन्हा चालवले की फक्त बदललेले तेवढेच उचलते. त्याच्या दोन खोडी मात्र माहीत असाव्यात. एखादी फाइल कोणी उघडून ठेवली असल्याने अडली, तर ते ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि आपण काही सांगितले नाही तर असे दहा लाख वेळा करते. गुणाकार केला तर एका अडलेल्या फाइलपाशी ते सुमारे साडेअकरा महिने इमाने इतबारे उभे राहील. म्हणून प्रयत्नांची संख्या आणि थांबण्याचा वेळ, दोन्ही आधीच एकवर आणायचे. दुसरी खोड मिररच्या पर्यायाची. त्यात मूळ जागी जे नाही ते नव्या जागेवरूनही पुसले जाते. हुकमात मूळ आणि नवी जागा यांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या डिस्कचे हुबेहूब प्रतिबिंब भरलेल्या डिस्कवर उमटेल. तो हुकूम मी टाइप करून मोठ्याने वाचतो आणि शेजारी कोणी असेल तर त्यालाही वाचायला लावतो. पँट्रीतल्या मामांनीही एकदा वाचला आहे.

पहिली फेरी दिवाळीच्या कितीतरी आधी, ऑफिस चालू असतानाच रात्री सुरू केली. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट जाऊ शकतात, आणि मोठ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ तशा जातही होत्या. पण टॅलीच्या आणि टीडीएसच्या हजारो चिमुकल्या फाइली आल्या की वेग घसरून गोगलगायीवर यायचा, कारण प्रत्येक फाइल उघडणे, बनवणे, तिची तारीख आणि परमिशन लावणे आणि ती मिटणे हे काम फाइल लहान असली तरी तेवढेच असते. पुढच्या रात्रींत फक्त फरक जात राहिला. त्या काळात रोज सकाळी राहिलेल्यांची आणि तपासणीत अडलेल्यांची यादी वाचणे हा माझा चहाबरोबरचा उद्योग होता. तीत बहुतेक नावे उघड्या राहिलेल्या एक्सेल फाइलींची असायची, पण काही फाइली रोज त्याच असायच्या, आणि त्यांचे कारण पाथची लांबी निघाले. विंडोजच्या जुन्या नियमानुसार फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसावा लागतो, आणि बरेचसे प्रोग्रॅम आजही तो पाळतात. मग याहून लांब पत्ता बनलाच कसा? तर असा: एका टीमने झेडच्या बऱ्याच आतल्या एका फोल्डरला स्वतःचे वेगळे अक्षर देऊन ठेवले होते. त्यांच्या दृष्टीने पत्ता तिथूनच सुरू होत असल्याने त्यांना आणखी सहा पातळ्या आत जाता आले, आणि प्रत्येक पातळीवर पार्टीचे पूर्ण नाव, ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट. रोबोकॉपीला लांब पत्त्यांचे वावडे नाही, त्या फाइली जात होत्या. अडत होते ते नंतर तपासणी करणारे साधन. त्या टीमच्या मॅडमना मी विचारले, की मधले एक फोल्डर लहान नावाचे करू का. त्या म्हणाल्या, “करा, पण मला न सांगता दुसरं काही करू नका हं.” याहून नेमकी सूचना मला त्या सबंध कामात कोणी दिली नाही.

परमिशनचा कागद मात्र सरांसमोर ठेवावाच लागला. कोणत्या फोल्डरमध्ये कोणाला जाता येते याची यादी छापली, तेव्हा तीत माणसांच्या नावांबरोबर एस-१-५-२१ ने सुरू होणारे लांबलचक आकडे बरेच होते. थोरल्या सरांनी चष्मा वर करून विचारले, “हा कुठल्या बॅचचा?” विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, प्रत्येक खात्याच्या अशा आकड्याने ओळखते, खाते पुसले की आकड्याला जोडलेले नाव जाते आणि दारावर नुसता आकडा उरतो. असे आकडे निरुपद्रवी असतात, कारण त्या खात्याने आत येणारा कोणी उरलेलाच नसतो. खरा उपद्रव यादीच्या शेवटच्या पानावर होता. कधीतरी, बहुधा एखाद्या ३० सप्टेंबरच्या रात्री, ‘माझं फोल्डर उघडत नाही’ या तक्रारीवर कोणीतरी सर्वांत सोपा इलाज केला होता आणि एका मोठ्या फोल्डरवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ लावून टाकले होते. त्या फोल्डरच्या पोटात ऑफिसची पगारपत्रके होती. म्हणजे आजवर कोणालाही कोणाचाही पगार पाहता येत होता. तो कोणीच पाहिला नव्हता, असे चौकशीअंती सर्वांनी सांगितले.

तेवढे एक फोल्डर त्याच दिवशी, जुन्या सर्व्हरवरच बंद केले, कारण दार उघडे दिसल्यावर दिवाळीपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. बाकी परमिशन जशा होत्या तशाच नेल्या, आकड्यांसकट. पार्टनर, ऑडिट, टॅक्स आणि अकाउंट्स असे चार गट करून माणसांना गटात आणि गटांना फोल्डरमध्ये बसवण्याचे काम डिसेंबरात, एकेक फोल्डर घेऊन केले. माणूस सोडून गेला की त्याला गटातून काढायचे. दारांना हात लावायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शेवटची फेरी झाली. जुन्या सर्व्हरवरचे शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, सगळ्यांसाठी बंद केले, उरलेला फरक नेला, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवला, आणि निवडक फोल्डरांतल्या फाइलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे, काढून ताडून पाहिले. लॉगिनचे कामही त्याच यंत्राकडे होते. ते नव्याकडे सोपवून जुन्याला सन्मानाने निवृत्त करणे हा एक वेगळा आणि कंटाळवाणा विधी आहे, तो इथे सांगत बसत नाही. शेवटी जुन्या यंत्राचे नाव नव्याला टोपणनाव म्हणून जोडले आणि त्याचा आयपी पत्ताही (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) नव्याला दिला, कारण एक्सेलच्या साखळ्यांमध्ये ते नाव पक्के बसलेले असते आणि काही जुन्या शॉर्टकटमध्ये तर थेट आयपीच. यंत्र बदलले तरी पत्ता बदलू नये. पाडव्याला नव्या सर्व्हरपुढे नारळ फुटला. जुन्याच्या दर्शनी पट्टीवर इतक्या खंडेनवमींचे कुंकू साचले होते की कंपनीचे नाव वाचता येत नव्हते, आणि झाकण उघडले तेव्हा पंख्याच्या जाळीत धुळीच्या वाकळीबरोबर अक्षतांचे दाणे आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या. नव्याची पूजा बाहेरच्या कपाटाची करावी, असे मी मामांना सुचवले. “बघू या दसऱ्याला,” असे म्हणून त्यांनी तो विषय माझ्याच पद्धतीने मिटवला.

ऑफिस उघडल्यावर झेड ड्राइव्ह होता तिथेच होता. अडले ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी फाइलींचा दोष नव्हता.

पहिले झेरॉक्स मशीन. कागद स्कॅन करून तो थेट झेडवरच्या ‘स्कॅन’ फोल्डरमध्ये टाकणारे ते मशीन एकाएकी मुके झाले. ते फाइल पाठवण्यासाठी एसएमबी-१ ही जुनी बोली बोलायचे, आणि नव्या सर्व्हरवर ती मुळातच चालू नसते. ती बंद असण्याला इतिहास आहे: मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तो याच बोलीतल्या एका भोकातून पसरला होता. भोक बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते; ज्यांनी ते घातले नव्हते ते सापडले. मशीनची देखभाल करणाऱ्या मुलाने फोनवर सांगितले, “सर, एसएमबी-१ चालू करा ना, दोन मिनिटांचं काम आहे.” दोन मिनिटांचेच होते, आणि मी ते केले नाही. एका मशीनच्या सोयीसाठी सगळ्या पार्ट्यांचे पॅन, आधार आणि बँक स्टेटमेंट ज्या खोलीत आहेत तिची मागची खिडकी उघडी ठेवणे मला मंजूर नव्हते. मशीनचा करार संपेपर्यंत मामा पेन ड्राइव्ह घेऊन ये-जा करत राहिले आणि त्याबद्दल मला रोज ऐकवत राहिले.

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. आमच्याकडे सहकारी संस्थांची ऑडिट फार वर्षांपासून आहेत, आणि त्यांचे अहवाल मराठीत असतात. २००५-०६च्या सुमाराचे अहवाल श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट वापरून टाइप केलेले होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीची ही व्यवस्था अशी, की फाइलच्या आत अक्षरे रोमन सांकेतिक क्रमांकांनी साठवायची आणि फॉन्टने त्यांना देवनागरीचा चेहरा द्यायचा. सर्व्हरबरोबरच काही जुने संगणकही बदलले होते, आणि नव्यांवर ते फॉन्ट नव्हते. त्यामुळे एका पतसंस्थेचा जुना अहवाल उघडल्यावर मॅडमना ‘दोष दुरुस्ती’च्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा कचरा दिसला, आणि त्यांनी मला बोलावून शांतपणे विचारले, “फाइल खराब झाली का हो?” झाली नव्हती. हॅश जुळत होता. फाइल अक्षरशः बाइट न् बाइट तीच होती. तरी ती वाचता येत नव्हती, आणि ज्याला ती वाचायची आहे त्याला हॅश जुळल्याचे समाधान काय कामाचे?

अशा मजकुराचे युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत, आम्ही वापरून पाहिले. रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत घोटाळे होतात ते डोळ्याला दिसतात आणि सुधारता येतात. पण अहवालात एखादा आकडा किंवा चिन्ह चुकले तर ते दिसत नाही, आणि सही झालेल्या अहवालाचा मजकूर आपण पुन्हा लिहितो आहोत, ही गोष्टच ऑडिट ऑफिसला शोभणारी नाही. म्हणून ज्या एका जुन्या संगणकावर सगळे फॉन्ट शाबूत होते तो भंगारात जाता जाता वाचवला, आणि त्यावरून प्रत्येक अहवालाची पीडीएफ मूळ फाइलच्या शेजारी काढून ठेवली. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे वाचायची सोय झाली. शोधायची झाली नाही: ‘थकबाकी’ असा शब्द टाकून त्या अहवालांत आजही काही सापडत नाही. हे काम अजून संपलेले नाही. फॉन्टचे हे दुखणे महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि ग्रामपंचायतींच्या कपाटांत असणार, आणि ते सर्व्हर बदलेपर्यंत बहुधा कोणाच्या लक्षात येणार नाही.

जुना सर्व्हर पुढच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत बंद करून, केबल काढून, पण डिस्कसकट ठेवला. वर्षाचे एक पूर्ण चक्र फिरेपर्यंत काय राहिले ते कळत नाही, असा माझा हिशेब होता. काही राहिले नव्हते. भंगारवाल्याने त्याचे वजनावर पैसे देऊ केले होते. पण फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून माहिती बरेचदा परत काढता येते, आणि या डिस्कवर लोकांच्या आयुष्याची आवकजावक होती. म्हणून त्या डिस्क बाहेर काढून, पुसून, वर ड्रिलने आरपार भोके पाडून, मग अधिकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडे दिल्या आणि त्याची पावती घेतली. १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यामुळे पावती मागितल्याचे त्याला नवल वाटले नाही.

ऑफिसात दर्शनी भिंतीवर एक मोठा तक्ता आहे, ज्यावर वर्षभराच्या ड्यू डेट लिहिलेल्या असतात. विंडोज सर्व्हर २०२२चे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०३१ रोजी संपणार आहेत. ती तारीख मी तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहून ठेवली, आणि थोरल्या सरांनी ती पाहून पेनाने तिच्यापुढे ‘सीझन संपल्यावर’ असे लिहिले आहे.